नोकरी पाहिजे? आधी फेटे मोजा

कोल्हापुरात नव्या नोकऱ्यांचा पाऊस पडतोय म्हणे. पेपरात रोज येतं. आपण कोरडे राहतो, त्यात पावसाचा काय दोष? ज्यांना भिजायचंय त्यांच्यासाठी चार उपाय सांगतो. अनुभव ताजा आहे, गेल्या रविवारचा.

पहिला उपाय, पोराला टर्नर-फिटर करू नका. शिरोलीतले फौंड्रीवाले मोल्डिंगला माणूस मिळत नाही म्हणून रडतात, बिहार-ओडिशाहून पोरं आणतात, ते खरंय. पण स्थळ बघताना 'मुलगा कारखान्यात व्हीएमसी मशीनवर आहे' म्हणून बघा, मुलीचा बाप चहा न घेता उठतो. ज्या उद्यमनगरात मेस्त्री लोकांनी शाळा न शिकता ऑइल इंजिनं घडवली, त्याच गावात हं.

दुसरा, आयटी पार्क टेंबलाईवाडीला की शेंडा पार्कला, यावर रंकाळ्यावर भेळ खात वाद घाला. तोवर पोरं हिंजवडीत फ्लॅटचे हप्ते भरायला लागतात.

तिसरा, सीपीआर दवाखान्यासमोर झेरॉक्स मशीन टाका. ऑगस्ट 2025 ला तिथं मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्यानं झेरॉक्सवाले, लॉजवाले आणि चहावाले खरोखर हलले. यात चेष्टा नाही.

चौथा, हद्दवाढीची वाट बघा. महापालिका 1972 ची, हद्दही 1972 चीच.

आता मुख्य उपाय: रोजगार मेळाव्याला जा. नऊची वेळ असेल तर नऊलाच जा, पाहुणे साडेअकराला येतात. माझी धाकटी बीई कॉम्प्युटर. बायोडाटाच्या बारा कलर प्रती काढल्या, प्लॅस्टिकच्या फोल्डरात घातल्या. स्टेजवर अठरा माणसं, अठरा फेटे. मी मोजले, दुसरं काम काय होतं? समई पेटवायला पाच जण, काडी एकाची, फोटो सगळ्यांचा. मग भाषणं. प्रत्येकाच्या भाषणात शाहू महाराज आले. महाराजांनी 1906 साली मिल काढली, तिचा भोंगा कधीच बंद पडला, आता त्या जागेवर स्मारकाची चर्चा चालते. पण 'जगात भारी'ला टाळ्या पडल्या.

एक वाजता स्टॉल उघडले. 'आयटी' लिहिलेल्या टेबलावर कर्जाच्या थकबाकीदारांना फोन करायचं काम होतं, पगार बारा हजार. शेजारच्या टेबलावर इंजिनिअर पाहिजेत, पण चाकणला. अहो, चाकणला न्यायचं तर मेळावा इथं कशाला? चाकणची एसटी आम्हाला ठाऊक आहे. "काका, सध्या बायोडाटा खोक्यात टाकून जावा, कळवतो," पोरगा मान वर न करता म्हणाला. खोकं पाण्याच्या बाटल्यांचं. लेकीनं बारापैकी सात प्रती टाकल्या. वरचा कागद वाकडा पडला होता, तो तिनं सरळ केला.

हेल्मेट विसरलं म्हणून चार वाजता परत गेलो. हॉल रिकामा. डेकोरेटरचं पोरगं खाली बसून समई पुसत होतं. खोक्यातला एकेक कागद काढायचा, तेल पुसायचं, चुरगळून टाकायचा. हातातल्या कागदावर फोटो होता. माझ्या लेकीचा नव्हता, दुसऱ्या कुणाच्या तरी लेकीचा होता. ओढणी नीट करून, केस चापून बसवून काढलेला.

त्या पोराला काय बोलणार? त्याला फडकं कुणी दिलं नव्हतं.

पण तुम्ही, फेटेवाले! तीनशे पोरं चार तास उपाशी उभी केलीत तुमच्या फोटोच्या मागं गर्दी दिसावी म्हणून. एक फोन लावला का नंतर कुणाला? दुसऱ्या दिवशी 'उत्स्फूर्त प्रतिसाद' म्हणून बातमी छापून आणलीत, लाज वाटली नाही? आणि कारखानदारांनो, बाहेर माणूस मिळत नाही म्हणता आणि आमच्या पोरींना 'अनुभव किती?' विचारता. तो तुम्ही दिल्याशिवाय येणार कुठनं? आणि आपण सगळे आईबाप, मी धरून, भाषणाला टाळ्या वाजवून, वडापाव खाऊन घरी आलो. एकानंही उठून विचारलं नाही.

खोकं मी घरी आणलंय. एकशे त्र्याऐंशी बायोडाटा आहेत, तेल लागलेले वेगळे काढलेत. माणूस पाहिजे असेल त्यानं येऊन घेऊन जावं. फेटा बांधून येऊ नये, दार उघडणार नाही.