सगळं पाणी उकळावं लागत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आंबवणातून इथेनॉल वेगळं काढण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, की आंबलेल्या द्रवात नव्वद टक्के पाणीच असतं, ते उकळायला लागणारी उष्णता इथेनॉल जाळून परत मिळणार नाही, म्हणजे सगळा आतबट्ट्याचा व्यवहार.

शंका रास्त आहे, पण हिशेब एका जागी चुकलाय. तुमचाच आकडा घेऊ. 100 किलो द्रवात 10 किलो इथेनॉल. उरलेल्या 90 किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 203 मेगाज्यूल लागतात, आणि 10 किलो इथेनॉल जाळून मिळतात साधारण 268. असं करावं लागलं असतं, तर बाकीचा खर्च धरून हाती फारसं काही उरलं नसतं.

पण हा द्रव प्रयोगशाळेत चंबूत तापवला, की पारा नव्वदीच्या जरा वर जाताच उकळी फुटते, आणि थंड नळीतून टपकणारे पहिले थेंब निम्मे इथेनॉल असतात! काडी लावली तर निळसर ज्योत धरतात. ऊर्ध्वपातनाच्या, म्हणजे उकळून वाफेतून पदार्थ वेगळे करण्याच्या, सलग चालणाऱ्या मनोऱ्यात याचाच फायदा घेतात. दहा किलो इथेनॉलबरोबर साधारण तेवढंच पाणी वाफ होऊन वर येतं. बाकीचं तळाशी नुसतं गरम होतं आणि बाहेर पडताना आत येणाऱ्या थंड द्रवाला तापवून जातं. त्या वाफेचा खर्च सुमारे 31 मेगाज्यूल. वरून काही द्रव पुन्हा मनोऱ्यात सोडावा लागतो, म्हणून दुप्पट-अडीचपट धरा. तरी 203 च्या जवळपासही जात नाही.

शेवटच्या टप्प्यात उरलेलं पाणी काढायला बेंझिन घालतात, हा तुमचा दुसरा आक्षेप जुन्या पद्धतीला लागू आहे. 95.6 टक्के इथेनॉलवर ऊर्ध्वपातन अडतं, बाकीचं पाणी तसं निघत नाही, हे खरंच. आता ती वाफ झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या मण्यांतून नेतात. त्यांची छिद्रं 3 अँगस्ट्रॉमची, म्हणजे रेणूंच्याच मापाची. पाण्याचा रेणू आत शिरतो, इथेनॉलचा मावत नाही.

एक गोष्ट मात्र तुमचीच खरी. द्रवात इथेनॉल दोनच टक्के असेल, तर 100 किलोतून 54 मेगाज्यूल मिळतात, आणि नुसतं उकळीपर्यंत तापवायलाच पंचवीस-तीस लागतात. काडीकचऱ्यापासूनच्या इंधनाचं घोडं बऱ्याचदा इथेच अडतं. ब्युटेनॉल हे इथेनॉलसारखंच दुसरं अल्कोहोल बनवणारे जिवाणू तर द्रवात ते एक-दोन टक्के होताच माना टाकतात. म्हणून तिथे आंबवण चालू असतानाच द्रवातून वायू फिरवून ब्युटेनॉल काढून घेण्याचे प्रयत्न चालतात.

मूळ लेखात मी टक्केवारीच दिली नव्हती. ती चूक माझी. आज दुरुस्त करतो.