मेंटॉर भेटले, असं लिहून द्या

पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला? अभिनंदन! आता तुम्ही एकटे नाही. तुमच्या पाठीशी मेंटॉर म्हणजे मार्गदर्शक शिक्षक आहे, मागे पडणाऱ्यांसाठी रेमेडियल वर्ग आहेत, समुपदेशन कक्ष आहे, तक्रार निवारण समिती आहे. नाही कशी? माहितीपुस्तिकेत सगळ्यांचे रंगीत फोटो आहेत. माझी पुतणी यंदा बी.एस्सी.ला गेली आणि तिच्याबरोबर परवा मलाही कॉलेजची पायरी चढावी लागली. तिथे जे ज्ञान मिळालं ते आपल्यापुरतं ठेवणं बरं नाही, म्हणून या चार सूचना.

दीक्षारंभाचा कार्यक्रम चुकवू नका. नव्या मुलांनी कॉलेजात रुळावं, शिक्षकांशी त्यांची ओळख व्हावी म्हणून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2019 मध्ये चांगली मार्गदर्शिका काढली. इंजिनिअरिंगवाल्यांना तर एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेने तीन आठवडे नेमून दिलेत. तुमच्याकडे ते तीन तासांत आटोपेल, त्यातला एक तास अध्यक्षांची गाडी पोहोचेपर्यंत जाईल. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि 'आमच्या वेळी असं नव्हतं'. मधेच उठून 'सर, लायब्ररीचं कार्ड कुठे मिळतं?' असलं काही विचारून कार्यक्रमाची शोभा घालवू नका.

विषय निवडताना कोणाचा सल्ला घेऊ नका. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, एवढे विषयांचे गट. महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण 2024-25 पासून आलं, तरी खिडकीतल्या माणसाला ते आजही तुमच्याइतकंच कळलंय. तो म्हणेल, पोर्टलवर बघा. पोर्टल म्हणेल, महाविद्यालयाशी संपर्क साधा.

एबीसी, म्हणजे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, आयडी काढा. कशासाठी, ते विचारू नका.

संदर्भग्रंथ कपाटात सुखरूप आहेत, त्यांना त्रास देऊ नका.

आता मुख्य सूचना. आपल्या मेंटॉरला अजिबात शोधू नका. आमच्या पोरीने हा आगाऊपणा केला. बारावीचं कॅल्क्युलस तिने गाइड पाठ करून काढलेलं, आणि इथे सर फळ्यावर दोन पायऱ्या गाळून तिसऱ्यावर उडी मारतात. वर्गात विचारायचा धीर होत नाही. कोणीतरी तासभर बसून समजावून द्यावं, एवढीच तिची मागणी. नोटीस बोर्डावर मेंटॉर-मेंटीची यादी होती, तिच्या नावापुढे एका सरांचं नाव होतं. आम्ही विभागात गेलो. ते सर गेल्या वर्षीच गेले म्हणे. सीएचबीवर, म्हणजे तासांच्या मानधनावर होते, पुढची ऑर्डरच निघाली नाही. यादीत नाव कसं? 'जुनीच यादी आहे, वरचं साल फक्त बदललंय.' मग नवे मेंटॉर कोण? कोणालाच माहीत नाही.

पण आम्हाला रिकाम्या हाती पाठवलं असं मात्र म्हणता येणार नाही. 'बरं झालं आलीस, तुझ्याच सह्या राहिल्यात,' म्हणत तिथल्या माणसाने रजिस्टर काढलं. तारीख, चर्चेचा विषय, विद्यार्थ्याची अडचण, मेंटॉरचा सल्ला, कार्यवाही, सही. जुलैपासूनच्या सगळ्या भेटी भरलेल्या! अडचण: नाही. सल्ला: नियमित अभ्यास करावा. कार्यवाही: समाधानकारक. प्रत्येक पानावर हेच, अक्षरही एकाच हातचं. एक भेट तर गणेश चतुर्थीच्या दिवशी झालेली. सुट्टीच्या दिवशी, सोडून गेलेल्या सरांनी, या मुलीला नियमित अभ्यासाचा सल्ला दिला! आणि सही करताना सूचना काय? 'सगळ्या निळ्या पेनाने नको गं, एखाद-दोन काळ्याने कर, खरं वाटलं पाहिजे.' शेवटच्या रकान्यात 'पालकांशी संवाद' होता. 'काका, तुम्हीही करून टाका.' कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची समिती येणार आहे ना! मेंटॉरमागे मेंटी किती, हे त्यांना दाखवावं लागतं. प्रमाण चोख आहे. मेंटॉर तेवढा नाही.

पुतणीने सह्या केल्या. न करून सांगते कोणाला? इंटर्नलचे मार्क त्याच विभागाच्या हातात. मी केली नाही, तर तो माणूस माझ्याकडे असा बघायला लागला जणू मीच त्याच्या पोटावर पाय आणतोय. बहुधा आणतही असेन. त्या बिचाऱ्याला तरी ही रजिस्टरं भरायची हौस थोडीच आहे!

रेमेडियलचं तसं नाही, ते होतात. हजेरीपत्रक आहे म्हणजे झालेच असणार. आधी 'स्लो लर्नर' म्हणून तुमचं नाव बोर्डावर लावतील, म्हणजे वर्गातल्या सगळ्यांना कळेल. आणि वेळ अशी ठेवतील की गावाकडची शेवटची एसटी निघून गेलेली असेल.

मन लागत नसेल तर समुपदेशन कक्षात जा. पाटी नवीकोरी आहे, आत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये बजावलं. नेमलाही असेल, रजिस्टरात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मात्र खरंच फोनमध्ये ठेवा. चोवीस तास चालतो, फुकट आहे. यात उपरोध नाही.

तक्रार करायची असेल तर जरूर करा. यूजीसीचे 2023 चे नियम आहेत, समितीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, न पटल्यास विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येतं. फक्त प्रॅक्टिकलची परीक्षा होऊ द्या आधी.

बास, आता हसूही येईना. अहो प्राचार्य, ही खोटी रजिस्टरं भरायला जेवढे तास जातात, तेवढ्यात अर्ध्या वर्गाचं इंटिग्रेशन पक्कं झालं असतं! एवढे रकाने आखायला डोकं चालतं, मग एका खोलीत एक शिक्षक आणि चार मुलं बसवायला काय होतं? आणि बसवणार कोणाला, म्हणाल. बरोबर आहे. पूर्णवेळ जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, तासिका तत्त्वावरचा माणूस एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात धावतोय, त्याला पैसे मिळतात ते तासाचे, मुलांशी बोलण्याचे नाहीत. हे सरकारला माहीत आहे, संस्थाचालकांना माहीत आहे, तपासायला येणाऱ्यांनाही माहीत असणार. सगळ्यांना माहीत असून सगळ्यांनी मिळून 'अडचण: नाही' लिहायचं ठरवलंय. लाज वाटत नाही? घरातून पहिल्यांदा कॉलेजात आलेली पोरं आहेत ही. त्यांना घरी विचारायला कोणी नाही. पहिल्या सेमिस्टरला केटी लागली की आपलंच डोकं कमी म्हणून गप्प बसतात आणि एक दिवस यायची बंद होतात. मग तुम्ही स्टाफरूममध्ये चहा घेत म्हणणार, हल्लीची मुलं काही विचारतच नाहीत. विचारायला आली होती ना ती! तुम्ही तिच्या हातात काळं पेन दिलंत.