विनियर म्हणजे नकली नव्हे, आधी तो सँडपेपर खाली ठेवा

गेल्या आठवड्यात माझ्या मावशीने हौसेने घेतलेलं जुनं ड्रॉवरचं कपाट सँडपेपरने घासायला काढलं. कारण काय, तर तिला आलेला मेसेज: 'सेकंडहँड लक्झरी फर्निचर ओळखण्याच्या पाच खुणा'. जड ते अस्सल, विनियर (म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) म्हणजे नकली, वरचा थर घासला की किंमत वाढते, किडीची भोकं म्हणजे जुनेपणाचा पुरावा, आणि कंपनीचा शिक्का दिसला की बिनधास्त घ्या. पाचही खुणा वाचून माझं डोकं फिरलं.

जड ते अस्सल? एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून बनवलेल्या स्वस्त बोर्डाची) घनता घनमीटरला साधारण ६०० ते ८०० किलो, सागाची ६५० च्या आसपास. मग वजनावरून काय कळणार? इटालियन डिझायनर जिओ पोंतीची नावाजलेली 'सुपरलेज्जेरा' खुर्ची १९५७ची. तिचं वजन जेमतेम १.७ किलो.

आता विनियर. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याची लाउंज चेअर हर्मन मिलर कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या खुर्च्यांपैकी ती एक. तिची पाठ आणि बैठक साच्यात वळवलेल्या प्लायवूडची, मूळ खुर्चीत वर रोजवूडचं विनियर. भरीव लाकडाला असा बाक देणं अवघड, आणि दिला तरी ते पुढे तडकण्याची भीती. अठराव्या शतकातल्या पॅरिसमधली उंची कपाटंसुद्धा ओकच्या सांगाड्यावर विनियर चढवूनच बनायची. बघायचं ते विनियर कसं बसवलंय: शेजारच्या ड्रॉवरवर लाकडाच्या रेषा जुळतात का, कडा उचलल्यात का, टवके उडालेत का.

आणि हा थर घासायचा? हल्लीचं विनियर अनेकदा अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचं असतं. चार हात जोरात मारले की खालचं प्लाय उघडं पडतं. मावशीच्या कपाटाच्या वरच्या फळीवर नेमकं हेच झालंय, आणि ते परत येत नाही. वर्षानुवर्षं हात लागून, उजेड खाऊन लाकडाला जो रंग चढतो, त्याच्यासाठी जाणकार जास्त पैसे मोजतात. आणि वर जुना पेंट मारलेला असेल तर त्यात शिसं असू शकतं. ती धूळ घरात उडवणं तर सरळ धोक्याचं.

भोकांचं थोडक्यात: कीड नव्या लाकडालाही लागते. भोकांखाली ताजा भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे, ती वस्तू घरात आणूच नका.

शिक्क्यात मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. खालून, मागून शिक्का शोधावाच. पण स्टिकर कुणीही चिकटवतं. त्याच ईम्स खुर्चीच्या ढीगभर नकला विकल्या जातात. अस्सल खुर्ची फिरते, पण तिचा कल पक्का असतो. रेलल्यावर मागे झुकली तर नक्कल समजा. म्हणून शिक्का वाचून थांबू नका. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा, उलटा करा, कोपऱ्यातला जोड बघा. नीट बसलेला डव्हटेल (एकमेकांत अडकणाऱ्या खाचांचा जोड) आहे की नुसते स्टेपल मारलेत, ते तिथे दिसतं.

मावशीच्या कपाटाची एक बाजू अजून घासायची राहिली आहे. तिला हात लावू नकोस, मऊ कोरड्या फडक्याने फक्त पूस, असं तिला फोनवर सांगितलंय.