मनोरा काढला, पाणी राहील

नमस्कार. गॅलिलिओवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. पटलेलं आधी सांगतो.

गॅलिलिओने पिसाच्या मनोऱ्यावरून वेगवेगळ्या वजनांच्या वस्तू खाली टाकून दाखवल्या, तो प्रसंग मी असा रंगवला होता, जणू खालच्या गर्दीत मीही उभा होतो. ती हकिगत येते त्याचा शिष्य विव्हियानी याने गुरूच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या चरित्रातून. गॅलिलिओच्या स्वतःच्या लेखनात त्या जाहीर प्रयोगाचा उल्लेख नाही. ‘मीठमसाला लावता’ हा तुमचा आरोप तिथे मान्य. तो परिच्छेद काढला आहे.

पण ‘मुलांना सूत्र आलं की झालं, त्याने वेळ कशी मोजली याच्याशी काय देणंघेणं?’ इथे मात्र मी हटून बसणार.

कारण पडण्याचं अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे सूत्र त्या मोजण्यातच आहे. सेकंदकाटा नाही, आणि पडणारी वस्तू डोळ्यांना सापडत नाही. म्हणून त्याने पडणंच संथ केलं. बारा हात लांबीची फळी, तिच्यात बोटाहून जरा रुंद खाच, खाचेत चर्मपत्राचं गुळगुळीत अस्तर, वरून सोडलेली काशाची गोळी. शेजारी पाण्याचं मोठं भांडं, तळाला बारीक नळी. गोळी सुटली की धार सुरू, पोचली की बंद. मग जमलेलं पाणी तराजूत तोलायचं; जितकं पाणी, तितकी वेळ. पाव अंतराला निम्मं पाणी. सूत्रातला वर्ग असा पारड्यात दिसतो. हे सगळं त्याने १६३८च्या ग्रंथात लिहिलंय, माझ्या पदरचं काही नाही.

अलेक्सांद्र कोयरे या मोठ्या इतिहासकाराला मात्र ते खरं वाटेना. असल्या ओबडधोबड साधनांनी इतकं नेमकं उत्तर येईलच कसं? १९६१ मध्ये थॉमस सेटल याने तशीच फळी मांडून प्रयोग केला आणि आकडे जुळले. नुसती पुस्तकं चाळून हे कळलं नसतं.

मीही घरी करून पाहिलं. (फळी वाकडी होती, ते सोडा.) गोळी सुटलेली बघून नळीवरचं बोट उचलायचो, तोवर उशीर झालेला आणि पाणी दरवेळी कमी. दोन्ही हात एकदम सोडायचे, हे कळायला दहा खेपा गेल्या. आपण हा प्रयोग तब्बल शंभर वेळा केला, असं गॅलिलिओ लिहितो. वाचताना मला ती फुशारकी वाटली होती. अकराव्या खेपेला वाटेनाशी झाली.