त्याचा डबा कोण भरतं?

मे महिन्यात, नागपुरात, खिडकीतला लोखंडी कूलर घरघरत असताना सात माणसांना एका टीव्हीसमोर बसवून ज्याने सुपरहिरोची मालिका दाखवलेली नाही, त्याने स्वतःला कॉमिक्सचा जाणकार म्हणवून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सुपरमॅन १९३८ साली आला आणि बॅटमॅन १९३९ साली, हे पाठ करायला काही लागत नाही. खरी परीक्षा काकू घेतात. ‘काऊन रे, हा आत्ताच तर ऑफिसात होता ना? कपडे कवा बदलवले यानं?’ याचं उत्तर पुढच्या संवादाच्या आत द्यायचं असतं.

कॉमिक्स न वाचलेल्या माणसाचे प्रश्न ठरलेले आहेत. हा जेवतो कधी? पगार कोण देतं? हे कपडे शिवले कोणी? आईला माहीत आहे का? आम्ही जाणकार मंडळी या प्रश्नांना हसतो, आणि तिथेच आमची चूक होते. मालिका लिहिणारे लोक पहिल्या दिवशी टेबलाभोवती बसून नेमके हेच प्रश्न सोडवतात. ज्या मालिकेने ते सोडवले ती काकूंना आवडते. जिने सोडवले नाहीत, तिच्या वेळी काकू गहू निवडायला आतल्या खोलीत जातात.

‘द फ्लॅश’ घ्या, २०१४ची. नायक बॅरी ॲलन पोलिसांच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत नोकरीला. म्हणजे पगार आहे, सरकारी आहे, मोठेबाबा निश्चिंत. लाल पोशाख मुळात अग्निशामक दलाच्या जवानांसाठी केलेला, म्हणून घर्षणाने पेटत नाही. शिंप्याचा प्रश्न मिटला. आणि दुसऱ्याच भागात हा जगातला सर्वात वेगवान माणूस चक्कर येऊन पडतो, कारण एवढं धावून पोटात काही नाही. त्याचा मित्र सिस्को हिशेब करून सांगतो की, तुला साधारण ८५० टाको खावे लागतील. इथे मालिका अर्धा मिनिट थांबवायला माझी परवानगी आहे. टाको म्हणजे मक्याची घडी घातलेली पोळी, आत खिमा किंवा भाजी. एवढं सांगितलं की पुढचं काम आपोआप होतं. ‘साडेआठशे? मंग त्याचा डबा कोण भरतं?’ हा प्रश्न ज्या क्षणी आला, त्या क्षणी काकू मालिकेत शिरल्या असं समजावं. आता त्या नऊ पर्व बाहेर येत नाहीत.

कॉमिक्समधला बॅरी १९५६ साली आला आणि त्याचा पोशाख बोटातल्या अंगठीत घडी होऊन राहायचा. बटण दाबलं की बाहेर. वाचणाऱ्या पोराला हे चालतं, नव्हे, त्यासाठीच तो अंक घेतो. पण हीच अंगठी मालिकेच्या पहिल्या भागात दाखवली असती तर आपल्याकडे पुढचा तास इस्त्रीवर चर्चा झाली असती. लेखकांनी ती कित्येक पर्वं लांबणीवर टाकली. तोवर काकूंचा बॅरीवर इतका जीव जडलेला असतो की त्याने कानातून कपडे काढले तरी त्यांची हरकत नसते.

सुरुवात कुठून करायची, यावरून घराघरात भांडणं होतात. आपल्या नागपूरचं बरं आहे, झिरो माइलचा दगड आहे, तिथून मोजायला लागायचं. कॉमिक्सला असा दगडच नाही. ‘फ्लॅश’च्याच अंकांत १९६१ साली दोन पृथ्व्या, म्हणजे दोन समांतर जगं, निघाल्या, मग पृथ्व्या वाढतच गेल्या, आणि १९८५ साली बारा अंकांची मोठी मालिका काढून त्या सगळ्यांची एक करावी लागली. ती एक पृथ्वीसुद्धा पुढे एकटी टिकली नाही. यातलं अक्षरही घरात उच्चारू नका. टीव्हीवाले आपला दगड स्वतः रोवतात, त्याचं नाव पहिला भाग. तिथून सुरू करा. ‘पहिले सहा ढकलून द्या, सातव्यापासून मजा आहे’ म्हणणारा भाचा प्रत्येक घरात असतो. त्याला त्या वेळी पोहे आणायला पाठवावं, आणि तर्री वेगळी बांधून आण म्हणावं, म्हणजे अजून दहा मिनिटं जातात.

शिवाय आपली माणसं अगदीच कोरी नसतात. चष्मा लावला की सुपरमॅनला कोणी ओळखत नाही, यावर अमेरिकेत अजून विनोद होतात. आपल्याकडे हा प्रश्न १९९७ सालीच निकालात निघाला. पुढे आलेले दात आणि चष्मा लावून पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री वर्तमानपत्राच्या कचेरीत वावरत होता आणि अख्ख्या देशाने ते मान्य केलं होतं. आणि ‘शक्तिमान’ कुठल्या कॉमिक्सवरून आलेला नव्हता, त्याची कॉमिक्स नंतर निघाली. कॉमिक्सच्या आधी मालिका, हा क्रम आपल्याला नवा नाही. मोठेबाबांच्या पिढीकडे तर वेताळ आहे, म्हणजे इंग्रजी कॉमिक्समधला फँटम. बापाचा मुखवटा मुलाने चढवायचा आणि जगाने तो अमर समजायचा, हे त्यांना इंद्रजालच्या अंकांतून ठाऊक असतं. तेव्हा त्यांना शिकवायला जाऊ नका, ते उलट तुम्हालाच कवटीच्या अंगठीचं सांगत बसतील.

घरच्यांसाठी सर्वात खात्रीची मालिका कोणती, असं मला कोणी विचारलं तर मी ‘मिस मार्व्हल’ सांगतो, २०२२ची. भाग सहाच, म्हणजे पोरांच्या सुट्ट्या संपायच्या आत होते. न्यू जर्सीत राहणारी कमला खान, आईची बोलणी, भावाचं लग्न, त्यात नाच, आणि १९४७च्या फाळणीतली कराची स्टेशनावरची गर्दी. कॉमिक्समध्ये कमलाचे हातपाय रबरासारखे लांब होतात, आणि ती शक्ती तिला एका गूढ धुक्यातून मिळते. त्या धुक्यामागे इतका इतिहास आहे की तो सांगायला एक वेगळी सुट्टी काढावी लागेल. मालिकेने ते धुकं सरळ उडवून लावलं आणि शक्ती जागी केली पणजीच्या कंगनाने. वाचक चिडले. मीही थोडा चिडलो, कारण लांबणारा हात हा त्या पात्राचा सगळा खोडकरपणा होता. पण दिवाणखान्यात बसून पाहिलं की कळतं, चाल बिनतोड आहे. पणजीचा दागिना, तो आईने माळ्यावर टाकून ठेवलेला, मुलीने न विचारता घातला! यात समजावून सांगण्यासारखं एक वाक्य नाही. एवढाच आक्षेप येतो: ‘सोन्याचा नाही वाटत.’

जुनं उदाहरण याहून धाडसी होतं. १९७७ साली हल्क, म्हणजे रागावला की हिरवा धिप्पाड होणारा माणूस, टीव्हीवर आला तेव्हा त्याचं ब्रूस हे नाव बदलून डेव्हिड केलं, बोलणं काढून घेतलं, कॉमिक्समधले राक्षस-खलनायकही काढून टाकले. राहिला एक दुःखी डॉक्टर, जो दर आठवड्याला नव्या गावात नवी नोकरी धरतो, एका भागात साधारण दोनदा हिरवा होतो आणि शेवटी थैली खांद्याला लावून रस्त्याने निघून जातो. लोकांनी १९८२पर्यंत पाहिलं. सदरा फाटतो पण पँट टिकते, ती कोणत्या कंपनीची आणि आपल्या बर्डीवरच्या बाजारात मिळते का, हा प्रश्न मात्र कुठल्याच लेखकाला सोडवता आला नाही.

आता दुखणी. पहिलं दुखणं पाहुण्यांचं. ‘फ्लॅश’मध्ये बॅरीच्या तुरुंगातल्या बापाचं काम केलंय जॉन वेस्ली शिपने. १९९०च्या ‘फ्लॅश’ मालिकेत हाच माणूस फ्लॅश होता. माहीत असलेल्याला गलबलून येतं. माहीत नसलेल्याला दिसतो एक निरपराध बाप, काचेला हात लावून बसलेला, आणि त्यालाही गलबलून येतं. मिश्कीलपणा असावा तर असा, प्रसंगाच्या आड न येणारा. याच्या उलट २०१९-२०चं ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’. पाच मालिकांत वाटलेले पाच भाग, आणि त्यात टीव्हीवरचे-सिनेमातले जुनेजाणते एकेक मिनिट येऊन हात हलवून जातात. आम्ही सोफ्यावर उड्या मारतो आणि बाकीचे ‘हे कोण?’, ‘आन् हे कोण?’ करत थकतात. यावर तोडगा लग्नघरातलाच आहे. लग्नात अनोळखी माणूस पुढे आला की आपण वंशावळ मागतो का? ‘हे नागभीडचे मामा’ एवढं ऐकतो, वाकून नमस्कार करतो आणि जेवायला जातो. मालिकेतही तेच सांगावं: नागभीडचे मामा, पुढे पाहा.

दुसरं दुखणं काळाचं. ‘ॲरो’, २०१२ची, तशी घरासाठी फार चांगली: श्रीमंत घर, पाच वर्षं बेटावर हरवलेला मुलगा परततो तर आईने नवऱ्याच्याच मित्राशी लग्न केलेलं, शिवाय तिचं काहीतरी वेगळंच शिजतंय. धनुष्यबाण नसता तरी चालली असती. पण प्रत्येक भागात बेटावरचे दिवस मधेमधे येतात आणि मंडळी घसरतात. साधारण उपाय एका ओळीत: केस वाढलेले दिसले की बेट, केस कापलेले दिसले की शहर. ही ओळ पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकावी, नंतर फक्त स्वतःच्या केसांना हात लावावा, पुरतं.

‘स्मॉलव्हिल’, म्हणजे सुपरमॅनच्या तरुणपणाची मालिका, तिच्याबद्दल थोडंच. २००१ ते २०११, दहा पर्वं, २१७ भाग, आणि नियम असा की पोशाख नाही, उड्डाण नाही. मधे एकदा स्वतःची ओळख विसरलेल्या अवस्थेत तो उडतो, पण ते मोजायचं नाही. दहा वर्षांत आपल्याकडे किती उड्डाणपूल झाले! वाचक तळमळले, घरच्यांना तो उडायला हवा हेच माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांनी शेतकरी आईबापाचा गुणी मुलगा म्हणून त्याला सुखाने पाहिलं.

तिसरं दुखणं कूलरचं, आणि याची दखल कोणी समीक्षक घेत नाही. या मालिकांत कुजबुज अगदी हळू आणि स्फोट अगदी मोठा. कूलरच्या आवाजावर मात करायला आवाज दहा घर वाढवला की कुजबुज ऐकू येते, पण पुढच्याच मारामारीला वरच्या मजल्यावरून कोणीतरी खाली येतं. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘नाईट मोड’ किंवा संवाद ठळक करणारा पर्याय असेल तर तो लावा, दोन्हींमधलं अंतर कमी होतं. कूलर खिडकीतून हलत नाही, म्हणून खुर्च्या हलवा: झोत पाठीवर, टीव्ही समोर. खालच्या ओळी वाचायच्या की हिंदी आवाज लावायचा, याचा निकाल हातांवर ठरतो. ज्याचे हात कामात, त्याचे डोळेही कामात. काकू गहू निवडत असतील तर हिंदीच. उगाच शुद्धतेचा हट्ट धरू नका.

‘डेअरडेव्हिल’, २०१५ची, दुपारी लावूच नका. नायक आंधळा वकील आहे आणि प्रेक्षकही आंधळे व्हावेत इतका अंधार आहे. दुसऱ्या भागातली अरुंद बोळातली मारामारी, जी एका दमात चित्रित केल्यासारखी दिसते, ती उजेडात फक्त ऐकू येते. पडदे ओढू म्हणाल तर कूलरला हवा बाहेर जायला दुसरी खिडकी उघडी लागते. बंद केली की खोलीत दमट वाफ होते आणि मोठेबाबा बनियन काढतात. म्हणजे रात्री दहानंतरच. आणि चौथ्या भागात गाडीच्या दारापाशी काय होतं ते आधी पाहून ठेवा आणि त्या वेळी आजीला सुपारी आणायला पाठवा. ‘द बॉइज’ मात्र दिवसा, रात्री, कधीच नाही. त्यातल्या वेगवान माणसाचा पहिला पराक्रम पाहिल्यावर बॅरीवरचाही विश्वास उडेल.

‘वांडाव्हिजन’ लावली तर अगोदर बजावा. २०२१ची ही मालिका सुरू होते काळ्या-पांढऱ्यात, चौकोनी पडद्यावर, जुन्या विनोदी मालिकेच्या थाटात. तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी उठून वायर हलवतं, पाचव्याला केबलवाल्याला फोन जातो. गंमत अशी की आजीला पहिले दोन भाग मनापासून आवडतात: नवरा-बायको, घरी आलेला साहेब, बिघडलेला स्वयंपाक. तळमळतो तो सगळे सिनेमे पाहून बसलेला भाचा. चौथ्या भागात बाहेरून उलगडा होतो आणि मग आजी विचारतात, ‘ते पहिलंच बरं होतं, ते काऊन बंद केलं?’ याला माझ्याकडे उत्तर नाही.

राहिला शेवटचा तुकडा. शेवटची नावं चालू असताना किंवा संपल्यावर कधीकधी एक छोटा प्रसंग असतो. ‘वांडाव्हिजन’मध्ये सातव्या भागापासून हे सुरू होतं आणि शेवटच्या भागात तर दोन आहेत. ‘पुढचा भाग आपोआप’ हा पर्याय आधीच बंद करून ठेवा, नाहीतर नावं अर्ध्यात कापली जातात. ही नावं सहा-सात मिनिटं चालतात, कारण जगभरच्या भाषांत आवाज देणाऱ्यांचीही त्यात असतात. तेवढ्यात कूलरच्या टाकीत चार बादल्या पाणी होतं. पाचवी भरेपर्यंत मोठेबाबा उठलेले असतात, आजी दाराशी पोचलेल्या असतात, आणि पडद्यावर अंधारातून एक कधीच न पाहिलेला माणूस पुढे येतो. आम्ही श्वास घेतो, तोंड उघडतो. काकू गव्हाचं सूप उचलून निघालेल्या असतात.

‘राहू दे बाप्पा,’ त्या म्हणतात, ‘असतील नागभीडचे.’