झाकण लावलं की बंद

जुन्या युनिक्स संगणकाला दुसरी हार्ड डिस्क जोडणं हा छंद आहे, असं मी घरात सांगतो. घरातल्यांनी त्याला दिलेलं नाव छापण्यासारखं नाही.

मशीन म्हणजे सन कंपनीचं स्पार्कस्टेशन २. १९९० सालचा माल, चाळीस मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, चपटं खोकं. जगभर याला पिझ्झा बॉक्सच म्हणतात. वागळे इस्टेटमधलं एक ऑफिस आवरलं तेव्हा ते भंगारात निघालं होतं. ते मी वाटेत अडवलं आणि नौपाड्यात, बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर चढवलं. घड्याळाच्या चिपमधली बॅटरी केव्हाच संपलीय, त्यामुळे चालू केलं की त्याला स्वतःचा इथरनेट पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची ओळखही आठवत नाही. "तुझ्याच वळणावर गेलंय," आई म्हणाली.

आतली डिस्क हल्ली कण्हते. ती कायमची झोपायच्या आत सगळं दुसरीवर उतरवून घ्यावं, म्हणून एक गिगाबाइटची डिस्क मिळवली, पत्र्याच्या डब्यात बसवलेली. जात स्कझी, म्हणजे डिस्का वगैरे मशीनला जोडायची जुनी पद्धत. एकाच केबलच्या माळेत शून्य ते सात असे आठ नंबर, प्रत्येकाला वेगळा. सात कंट्रोलरचा, सहा सीडी ड्राइव्हचा, आणि सनच्या घराण्यात मशीन जिच्यावरून सुरू होतं ती डिस्क तीन नंबरवर. तीनच का, हे विचारायचं नसतं. डब्यामागे नंबर बदलायचं इवलंसं बटण आणि आकड्याची खिडकी. मी एक लावला, माळेच्या टोकाला टर्मिनेटर, म्हणजे माळ बंद करणारं बूच बसवलं, मशीन सुरू केलं आणि स्क्रीनवर 'ओके' आल्यावर, माळेत कोण कोण आहे ते दाखवणारी प्रोब-स्कझी ही आज्ञा टाइप केली.

ढिम्म. दुसरी डिस्क नाहीच, वर पहिलीही गायब.

डबा काढला की पहिली दिसते, जोडला की दोघी जातात. केबल बदलली. टर्मिनेटर बदलला. जुलैतली ठाण्याची हवा, पिनांवर काय काय साचलं असेल म्हणून पन्नासच्या पन्नास पिना साफ केल्या. आईने दृष्ट काढायची तयारी दाखवली. शेवटी आत काही जळलंय का बघायला डब्याचं झाकण उघडलं आणि सहज चालू केलं, तर स्क्रीनवर ठसठशीत 'टार्गेट १', म्हणजे एक नंबरची डिस्क! झाकण लावून चारही स्क्रू पिळले. गेली. स्क्रू काढले. आली.

"मग उघडंच ठेव ना," ही म्हणाली.

"धूळ बसेल."

"या घरात धुळीची काळजी तू करतोस?"

विषय तिथेच थांबला असता, पण मेंटेनन्सची पावती द्यायला पहिल्या मजल्यावरचे काका आले. बँकेतून निवृत्त, सोसायटीचे खजिनदार. मेळ न बसलेली गोष्ट दिसली की त्यांना बसवत नाही. म्हणजे ते बसतात आणि उठत नाहीत. "एकवर अडतंय ना? दुसरे आकडे लावून बघ, झाकण लावून." शून्य लावला, स्क्रीन म्हणाला, टार्गेट २. चार लावला, सहा. सीडी ड्राइव्ह जोडलेला नव्हता म्हणून निभावलं. पाच लावला आणि मशीन जागच्या जागी गारठलं. काका माझ्याच पावतीच्या पाठीवर आकडे मांडत होते. "प्रत्येक नोंदीत दोन जादा लागतायत रे."

मी बॅटरी घेऊन डब्यात डोकं घातलं. डिस्कच्या नंबरासाठी तीन पिना असतात: एकची, दोनची, चारची. पिन ग्राउंडला टेकली की तिची किंमत जमा. दोनच्या पिनेची हिरवी वायर झाकणाच्या कडेखाली चेंगरून सोलली होती. झाकण बसलं की उघडं तांबं पत्र्याला टेकायचं. एक अधिक दोन, तीन! बाहेर खिडकीत एक आणि आत थेट पहिल्या डिस्कच्या नंबरवर हक्क. पाचाचे सात होऊन तर कंट्रोलरशीच भांडण.

"मग दोनवरच ठेव की," काका म्हणाले. "उघडं असो, बंद असो, दोनच."

उपाय बिनतोड होता, म्हणूनच मला पटला नाही. मी गोखले रोडवरून इन्शुलेशन टेप आणली, वायर गुंडाळली, कडेपासून लांब वळवली आणि झाकण लावून एक नंबर मिळवला. मग फॉरमॅट, न्यूएफएस, माउंट, म्हणजे डिस्क वापरायला तयार करायचे सोपस्कार. संध्याकाळी काका मुद्दाम वर आले. मी डिस्कवरच्या जागेचा हिशेब देणारी डीएफ ही आज्ञा चालवून दाखवली. त्यांनी चष्मा वर करून रकाने वाचले.

"एकूण वजा वापरलेली, बरोबर उरलेली. येत नाहीये. दहा टक्के कमी आहेत."

"राखीव असतात, काका. डिस्क काठोकाठ भरली की संथ होते, म्हणून बाजूला ठेवतात. ती जागा फक्त रूटला वापरता येते."

"रिझर्व्ह फंड. हरकत नाही. आणि हा रूट कोण?"

"मशीनचा सर्वाधिकारी. म्हणजे मीच."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

"सर्वसाधारण सभेत मंजूर करून घेतलं होतंस?"