दामलेवर खटला कधी?

आज एका नाट्यवाचनाला गेले होते, विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे'. त्यात एक हौशी नाटकमंडळी खोट्या कोर्टाचा खेळ मांडते, आपल्यातल्याच लीला बेणारे या शिक्षिकेला आरोपी करते आणि खेळता खेळता तिचं खरं खासगी आयुष्य उघडं पाडते. वाचन छानच झालं, पण नंतरच्या चर्चेत एक गृहस्थ माईक घेऊन उठले आणि म्हणाले, बेणारेच्या लव्ह लाईफमध्ये एक पॅटर्न आहे, तिला चुकीच्याच पुरुषांचं आकर्षण वाटतं. आणि लोकांनी माना डोलावल्या! घरी आले, जेवले, तरी डोकं शांत होत नाहीये.

कसला पॅटर्न? पहिला पुरुष कोण, तर तिचा मामा. आणि ती जेमतेम चौदा वर्षांची. कडक शिस्तीचं घर, त्यात कौतुकाने बोलणारा, जीव लावणारा हा एकटाच. ती लग्नाचा हट्ट धरते, आईसुद्धा विरोधात जाते आणि हा शूर गडी चक्क पळून जातो, मग ती जीव द्यायला निघते. यात तिचं आकर्षण कुठून काढलंत? त्या दोघांत मोठं कोण होतं? ती स्वतः त्याला प्रेमच समजत होती, बरं, ठीक आहे, पण चौदाव्या वर्षी दुसरं काय समजणार होतं तिला.

मला आमच्या शाळेतल्या एक बाई आठवतात. मराठी व्याकरण शिकवायच्या, आणि समास कोणाला आवडतो का, पण आम्हाला आवडायचा. वर्षाच्या मध्येच त्या यायच्या बंद झाल्या. एका सरांशी नाव जोडलं गेलं होतं. घरी विचारलं तर आई म्हणाली, त्यांचं नाव काढू नकोस. सर मात्र दुसऱ्या दिवशीही बीजगणित शिकवायला आले, तिसऱ्या दिवशीही.

आता दामले, तिच्या आयुष्यातला दुसरा पुरुष. प्रोफेसर, विद्वान, घरी बायकामुलं. हो, बेणारेला माहीत होतं की तो संसारी माणूस आहे, मान्य. पण तिने त्याच्या बुद्धीवर जीव टाकला होता, तिला ती पूजा वाटत होती, आणि या बुद्धीच्या देवाने शरीर तेवढं घेतलं आणि चालता झाला. मूल तिच्या पोटात. हा माणूस अख्ख्या नाटकात एकदाही स्टेजवर येत नाही. त्याची नोकरी, त्याची इज्जत, सगळं जागच्या जागी. आमच्या त्या सरांचा रिटायरमेंटला सत्कार झाला होता, शाल, श्रीफळ, भाषणं, सगळं. बाईंचं पुढे काय झालं हे कोणी सांगू शकत नाही.

आणि त्या नाटकमंडळीतल्याच पोंक्षे, रोकडे यांना पॅटर्नमध्ये घालणाऱ्यांना तर मी हात जोडते. ते प्रेम नव्हतंच हो. ती उडप्याच्या हॉटेलात पोंक्षेसमोर बसून आधी दुसऱ्याच कोणा मुलीची अडचण म्हणून सांगते, चाचपडत, की बाबा कोणी मोठ्या मनाचा माणूस मिळेल का. तिला फक्त मुलाला बाप हवा होता, नाव हवं होतं. त्या प्रसंगाचं वर्णन आज ऐकताना माझा घसा दाटून आला. शाळेत मुलांना जीव लावणारी, वेळेच्या आधी हजर राहणारी, सगळ्यांना टोले मारत हसणारी बाई, आणि तिला या असल्या माणसांसमोर पदर पसरावा लागतो.

भ्रूणहत्येच्या आरोपावरून सुरू झालेलं ते कोर्ट शेवटी तिच्या पोटातला गर्भ नष्ट करायची शिक्षा सुनावतं! आणि बोलायला किती वेळ देतं? दहा सेकंद. त्यात ती जे मोठं स्वगत बोलते ते आपल्याला ऐकू येतं, पण स्टेजवरचे सगळे थिजलेले असतात, त्यांच्या कानावर एक शब्द जात नाही. मग तेच लोक येऊन सांगतात की मनाला लावून घेऊ नकोस, खेळ होता. आमच्या शाळेतल्या बाईंना तर ते दहा सेकंदही मिळाले नसतील.

१९६७ साली सुलभाताई देशपांड्यांनी ही बेणारे उभी केली. आणि आज, इतक्या वर्षांनी, नाटक कळतं म्हणवणारी माणसं समोर बसून परत तिचीच उलटतपासणी घेतात. मामाबद्दल एक प्रश्न नाही. दामलेबद्दल तर एक अक्षर नाही.

पुढची चर्चा दामलेवर ठेवा. त्याला काय आवडायचं, तो अशाच बायका का निवडायचा, त्याचा पॅटर्न काय. मी पहिल्या रांगेत येऊन बसते.